दोन्ही टोकांना उघडा नळ : चाळीतील मोरीचा इतिहास

तुमच्या घरच्या मोरीतील जाळी कधी उचलून पाहिली आहे का? तिच्याखालच्या वाटीत साधारण दोन इंच पाणी सदैव उभे असते. ते तुंबलेले नसते, मुद्दाम अडवून ठेवलेले असते. रस्त्याखालच्या गटारातील हवा आणि आपण जिथे तोंड धुतो ती जागा यांच्यामध्ये तेवढाच एक पडदा असतो. या उपकरणाला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, आणि भारतातील स्थापत्य अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही हाच शब्द आहे. आपल्या घरातील न्हाणीचा कोपरा परभाषेच्या तांत्रिक कोशात जाऊन बसला आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

मागच्या पावसाळ्यापर्यंत मलाही नव्हता.

आम्ही लालबागला एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आईने बऱ्याच वर्षांच्या बचतीतून ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतले आणि दुसरी जागाच नसल्याने ते मोरीला खेटून बसवले. बसवायला आलेल्या माणसाने मशीनची पाणी सोडणारी नळी थेट मोरीच्या नळात खुपसली आणि वास येऊ नये म्हणून भोवती फडके घट्ट कोंबले. पहिल्याच रविवारी तळमजल्यावरच्या काकू जिना चढून आल्या. “अगं, तुमचं धुणं आमच्या मोरीतून वर येतंय,” एवढेच म्हणाल्या. खाली जाऊन पाहिले तर त्यांच्या जाळीतून पांढरा फेस उसळत होता आणि भिंतीतला नळ गुडगुडत होता. पुढचे दोन महिने मशीन बंद, काकूंचा अबोला आणि दोन्ही घरांत गटाराचा वास.

त्याच दिवसांत मी अभ्यासासाठी मुंबईच्या प्लेगकाळाविषयी वाचत होते. काकूंच्या मोरीतील फेसाचे उत्तर मला त्या वाचनात सापडले. म्हणून हा धागा. थोडा लांब आहे.

मुंबईच्या सांडपाण्याची कथा सुरू होते ती पाणी येण्यापासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर विहिरींवर आणि तलावांवर जगत होते. हेन्री कॉनिबिअर या अभियंत्याने १८५२ मध्ये शहराच्या आरोग्यविषयक स्थितीवर अहवाल लिहिला आणि पुढे विहार तलावाची योजनाही त्याचीच. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. प्रत्येक वेळी शहरात येणारे पाणी वाढले, पण ते बाहेर नेणारी व्यवस्था कायम एक पाऊल मागे राहिली. विहिरीतून शेंदून काढलेले पाणी माणूस जपून सांडतो. कॉक फिरवल्यावर येणाऱ्या पाण्याचे तसे नसते. घराघरांतून सांडलेले पाणी उघड्या गटारांत, वाड्यांच्या बोळांत आणि जमिनीत मुरू लागले. सखल, भरणी घातलेल्या या बेटावर जमीन आधीच ओलसर होती. नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता हेक्टर टुलॉक यांचा मुंबईच्या जलनिःसारणावरील ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या आधी आणि नंतरही योजनांवर योजना आल्या, समित्या बसल्या, वाद झाले. भूमिगत गटारे हळूहळू पसरली आणि शहराचा मैला वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनकडे वळवण्यात आला. समित्यांचा हा इतिहास कंटाळवाणा आहे, तो इथेच सोडते.

कंटाळवाणी नाही ती त्या अभियंत्यांच्या मनातील भीती. त्यांना जंतूंची भीती नव्हती, वासाची होती. रोग दूषित हवेतून पसरतात, कुजणाऱ्या घाणीतून उठणारी वाफ माणसाला मारते, असा त्या काळचा प्रबळ सिद्धांत होता. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची संसद हैराण झाली आणि बॅझलजेटला भव्य गटारे बांधायला पैसा मिळाला, तो याच भीतीपोटी. मात्र गटारे झाली तेव्हा नवी शंका आली. आता प्रत्येक घर एका नळाने शहरभरच्या घाणीशी जोडलेले होते. नळातून पाणी खाली जाते, तर हवा वर का येणार नाही? १८७१ मध्ये युवराज एडवर्ड विषमज्वराने मरता मरता वाचला, तेव्हा ज्या हवेलीत तो उतरला होता तिच्या गटारांना दोष देण्यात आला. ‘गटारवायू’ हा श्रीमंतांच्याही घरात शिरणारा शत्रू ठरला.

त्यावरचा उपाय जुनाच होता. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपाचे पेटंट घेतले, त्यात नागमोडी वाकवलेला नळ होता. वाकणात पाणी अडून राहते आणि खालची हवा वर येऊ शकत नाही. नहाणी ट्रॅप हे त्याच कल्पनेचे आपल्या फरशीत बसणारे भावंड.

परंतु या पाण्याच्या पडद्याला एक दुखणे आहे. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गुडगुडत, अडखळत येते. समोरच्या बाजूला दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते. नळाचेही असेच असते. वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोंढा नळ भरून खाली धावतो, तेव्हा तो आपल्यामागे पोकळी सोडत जातो. ती पोकळी भरायला हवा कुठून तरी यावीच लागते. नळाला मोकळी वाट नसेल तर ती मधल्या मजल्यांच्या मोऱ्यांतून ओढली जाते आणि त्या ओढीबरोबर ट्रॅपमधले दोन इंच पाणीही निघून जाते. तीच गुडगुड आपल्याला ऐकू येते. लोंढ्याच्या पुढची हवा उलट दाबली जाते आणि तळाशी वाट नसेल तर खालच्या घरात उसळते. म्हणून नळ वर छपराबाहेर नेऊन उघडा ठेवायचा, ज्याला आज आपण व्हेंट पाइप म्हणतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तर गटारांच्या वायुवीजनासाठी खाजगी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला नळ लावण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. तुमच्या भिंतीवर सरकारने हवेसाठी नळ ठोकावा, एवढी ती भीती खरी होती.

आता गिरगावातल्या कोणत्याही जुन्या चाळीच्या मागच्या भिंतीकडे पाहा. बिडाचे उभे नळ दिसतील. जो जाड आहे तो शौचकूपांचा, मैल्याचा. त्याहून बारीक तो मोऱ्यांचा, सांडपाण्याचा. दोन्ही छपराच्या वर निघालेले आणि तोंडावर जाळीची टोपी. मैल्याचा नळ खाली थेट चेंबरमध्ये जातो. मोरीचा नळ मात्र जमिनीपाशी थांबतो. तो एका चौकोनी कुंडीवर उघडाच सुटतो, पाणी जाळीवर पडते, तिथे दुसरा ट्रॅप असतो आणि मग ते चेंबरकडे जाते. या कुंडीला ‘गली ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजीतली ‘गली’ आणि आपली गल्ली इथे इतक्या बेमालूम मिसळल्या आहेत की गल्लीत असतो म्हणून गल्ली ट्रॅप, असे मी लहानपणापासून समजत होते.

नळ आणि कुंडी यांच्यामधली ती वीतभर मोकळी जागा म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. गटारातील वायू चेंबर ओलांडून आला, कुंडीतले पाणी ओलांडून आला, तरी तो मोरीच्या नळात न शिरता उघड्यावर विरून जावा यासाठी ती सोडलेली आहे. थोडक्यात, मोरीचा नळ वरही उघडा आणि खालीही उघडा. काकूंच्या फेसाकडे येताना हे लक्षात ठेवा.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. मुंबईत सांडपाण्याला नळ मिळाला त्या काळात मैल्याला बहुतेक ठिकाणी तो मिळालेलाच नव्हता. चाळीच्या मागे ज्या अरुंद हाउस गल्ल्या आजही दिसतात, त्या कशासाठी होत्या? टोपलीचे संडास बाहेरून रिकामे करणाऱ्या माणसांना घरात न शिरता ये-जा करता यावी यासाठी. त्या कामासाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे कायद्यातील नाव ‘हलालखोर कर’ असे होते. सांडपाणी आणि मैला वेगळे ठेवणारी दोन नळांची पद्धत ब्रिटिश अभियंत्यांनी वासाच्या भीतीतून आणली हे खरे. पण ज्या समाजाने ही दोन पाणी आणि त्यांना हात लावणारी माणसे आधीच वेगळी केली होती, त्याच्या भिंतीवर ती फारच सहज बसली असे मला वाटते. बिडाच्या नळाची रचना आपण कौतुकाने पाहतो तेव्हा त्याच बोळातून टोपली घेऊन गेलेला माणूसही दिसायला हवा.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. आयुक्त स्नो यांच्या प्रशासनाने काय केले? गटारे धुतली. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल यांचे लोंढेच्या लोंढे गटारांतून सोडण्यात आले. सिद्धांत तसाच होता : रोग घाणीत आहे, घाण गटारात आहे. गटारांतील उंदीर या धुलाईने बाहेर पडून घरांत शिरले असावेत, असे आता काही अभ्यासक मानतात. तसे झाले असेल तर शहराने रोग धुऊन काढण्याच्या नादात तो घरोघर पोचवला.

पुढची घटना आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची आहे. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली, तीच आजची हाफकिन संस्था. १९०५ पासून तिथे काम करणाऱ्या प्लेग आयोगाने गिनीपिग घेतले आणि प्लेग झालेल्या घरांत सोडले. प्राण्यांवर पिसवा गोळा होत, ते मरत. पिसवांपासून जपलेले प्राणी जगत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत जे दाखवले होते, ते परळला पक्के झाले. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे होतो, गटारवायूमुळे नाही. तीस-चाळीस वर्षांची भीती निराधार ठरली.

तोवर नळ मात्र भिंतींवर चढलेले होते. कायदा झाला होता, नियम झाले होते. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट गल्ल्या फोडून रस्ते काढत होती आणि चाळी बांधत होती. तिचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर खोलीत उजेड-वारा यावा म्हणून समोरच्या इमारतीच्या उंचीसाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावून धरला. परळच्या ज्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत राहिले, ती याच ट्रस्टची. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक शौचालये.

एक विषयांतर क्षम्य माना. गटारवायूला सगळे घाबरत असताना माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ च्या सुमारास तोच वायू टाकीत साठवून त्यावर इंजिन चालवून दाखवण्यात आले. मुंबईचे ड्रेनेज अभियंता सी. सी. जेम्स यांनी पूर्वेकडील शहरांच्या जलनिःसारणावर पुढे १९०६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. बायोगॅसची चर्चा करताना आपल्याला माटुंगा क्वचितच आठवतो.

आता पुन्हा मोरीकडे.

चाळीतील मोरी म्हणजे स्नानगृह, भांडी घासायची जागा आणि धुण्याची खोली, सगळे एका कोपऱ्यात. शहाबादी फरशी, कपडे आपटायचा दगड, पाण्याचे पिंप आणि वीतभर उंचीचा कठडा. हा कठडा पाणी खोलीत येऊ नये म्हणून असतो हे सगळ्यांना माहीत असते. त्याचे दुसरे काम मला मशीन आल्यावर कळले. आजी बादलीभर साबणाचे पाणी एका झटक्यात ओतत असे, मशीनपेक्षाही वेगाने. तरी खालच्या मजल्यावर कधी काही उसळले नाही. कारण ते पाणी आधी मोरीत पसरते, कठड्याआड थांबते आणि जाळीतून जेवढे झेपेल तेवढेच नळात उतरते. नळ पूर्ण भरत नाही, त्याच्या मधोमध हवेला जागा राहते. मोरी ही एक उथळ टाकीच आहे. मशीनची नळी नळात खुपसून फडके कोंबले की ही टाकी नाहीशी होते. मशीनचा पंप प्रत्येक खेपेस कित्येक लिटर पाणी मिनिटा-दोन मिनिटांत थेट उभ्या नळात ढकलतो आणि ट्रॅपलाही वगळतो.

दुसरा बदल साबणाचा. आजीच्या तरुणपणी कपड्याला वडीचा साबण लागत असे. १९५९ मध्ये सर्फ आले, १९६९ मध्ये अहमदाबादहून निरमा. कृत्रिम डिटर्जंटचा फेस साध्या साबणासारखा लगेच मरत नाही. उभ्या नळाच्या तळाशी, जिथे तो वळतो, तिथे फेस साचतो. पाणी निघून जाते, फेस अडतो, आणि वरून पुढचा लोंढा आला की जवळच्या जाळीतून बाहेर पडतो. जवळची जाळी अर्थातच तळमजल्याची.

तरीही एक प्रश्न राहतोच. वर आणि खाली उघडा असलेला नळ हा दाब सहज सोडून देऊ शकला असता. मग आमच्या नळाने का सोडला नाही?

उत्तर परळच्या एका वयस्कर प्लंबरकाकांनी दिले. त्यांनी मशीनकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी मागच्या बोळात गेले, मग गच्चीच्या शिडीवर चढले आणि खाली येऊन म्हणाले, “ताई, तुमच्या नळाचं नाकही बंद आहे आणि तोंडही.” काही वर्षांपूर्वी कौले काढून पत्रे घातले, तेव्हा कंत्राटदाराने छपराबाहेर आलेला नळ आड येतो म्हणून कापला आणि सिमेंटने बुजवून टाकला. त्यानंतर बोळात लाद्या बसवताना गली ट्रॅपची उघडी कुंडी घाण दिसते म्हणून काढली आणि नळ थेट चेंबरला जोडला. दोन्ही कामे चाळीने वर्गणी काढून, आनंदाने करवून घेतली होती. माझ्या वडिलांनी त्यावर सहीसुद्धा केली होती. ती तोंडे कशासाठी होती हे सांगणारे कोणी उरलेच नव्हते.

दुरुस्ती साधी होती. नळ पुन्हा पत्र्याच्या वर नेऊन टोपी बसवली. खाली नवी कुंडी केली. तळमजल्याच्या मोरीचा जोड उभ्या नळातून काढून स्वतंत्रपणे कुंडीवर सोडला, म्हणजे फेस आलाच तर बाहेर जाळीवर दिसेल, घरात नाही. मशीनची नळी भोकातून काढून मोरीच्या कठड्याला आतून अडकवली. पाणी मोकळे फरशीवर पडते आणि जाळीतून आपल्या गतीने उतरते. ज्यांच्या घरी मोरी नाही आणि नळी उभ्या पाइपातच सोडायची आहे, त्यांनी तो पाइप नळीपेक्षा चांगला रुंद ठेवावा, त्याला स्वतःचा ट्रॅप द्यावा आणि नळीभोवती फट राहू द्यावी. वास येतो म्हणून फट बुजवणे हा उपाय नव्हे. वास येत असेल तर ट्रॅप कोरडा आहे किंवा व्हेंट बंद आहे.

वासाच्या त्या जुन्या सिद्धांताला परळच्या प्रयोगशाळेने निकालात काढले असे वर म्हटले. प्लेगपुरते ते खरेच आहे. परंतु मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची लाट आली आणि तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात लक्ष गेले ते न्हाणीघरांतील जमिनीच्या ट्रॅपकडे. लोक फरशी पाण्याने न धुता पुसून घेत, त्यामुळे अनेक ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट पंखा लावला की मैल्याच्या नळातील हवा, तीतील सूक्ष्म थेंबांसह, खोलीत ओढली जात असे. एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांचे कारण चुकीचे होते आणि नळ बरोबर होता, असे मी आधी लिहून ठेवले होते. अमॉय गार्डन्सविषयी वाचल्यावर ते वाक्य जरा सैल करावे लागले. त्यांचे कारणही संपूर्ण चुकीचे नव्हते.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे निमित्त असे की ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील पहिल्या रहिवाशांना टॉवरमधील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरचे लोक तेव्हा वाट पाहत होते, लालबागमध्येही प्रत्येक गल्लीत एखादी चाळ पत्र्यांच्या कुंपणाआड गेली आहे. १६० फुटांत आयुष्य काढलेल्यांना हे घर मिळायलाच हवे, त्याबद्दल दुमत नाही. फक्त तिथे मोरी नाही. मुंबईच्या नव्या घरांत मशीन ठेवतात त्या जागेला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात, आणि तिच्या कोपऱ्यातील जाळीवर कोणी बादली ओतत नाही. म्हणजे तो ट्रॅप नावाप्रमाणेच कोरडा पडण्याची सोय झाली. शिवाय चाळीचा नळ चार मजल्यांचा असे, हा तीस-चाळीस मजल्यांचा. खालच्या चार-पाच मजल्यांची जोडणी उभ्या नळापासून वेगळी आहे का, व्हेंट गच्चीच्या वर निघाला आहे का, हे ताबा घेताना विचारा. रंग आणि टाइल्स सगळेच पाहतात.

मे महिन्यात आम्ही गावी जातो, महिनाभर खोली बंद असते. परत आल्यावर दार उघडताच येणाऱ्या वासाला आमच्याकडे ‘बंद घराचा वास’ म्हणत. गेल्या महिन्यात निघताना आई सामान दाराशी ठेवून पुन्हा आत गेली, तांब्याभर पाणी मोरीच्या जाळीत ओतले, वर चमचाभर खोबरेल सोडले आणि कुलूप लावले. तेलाचा थर पाणी उडू देत नाही, हे तिला काकूंनी सांगितले होते.